कंपनीचा मेल आणि जीमेल एकाच थंडरबर्डमध्ये: आधी मूळ प्रत कुठे राहणार ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वागळे इस्टेटमध्ये तुमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. कंपनीच्या नावाचं डोमेन आहे आणि त्यावरचा मेल होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरवर येतो. जुना जीमेलचा पत्ताही चालू आहे, कारण बरेच पुरवठादार अजून त्यावरच बिलं पाठवतात. इतकी वर्षं कंपनीचा मेल जीमेलमध्येच येऊन पडत होता, तो यायचा थांबला. म्हणून ऑफिसच्या नव्या पीसीवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम टाकून दोन्ही खाती जोडायला घेतलीत. तिथे जीमेल 'पासवर्ड चुकीचा' म्हणतं, कंपनीचा मेल येतो पण जात नाही, आणि ओळखीतल्या कुणीतरी "पॉपच लावा, आयमॅपने सर्व्हर भरतो" असं सांगितलंय.

पासवर्ड तुमचा बहुतेक बरोबरच असणार. मेल न जाण्याचं कारणही सहसा एका ड्रॉपडाउनमध्ये सापडतं. ही दोन्ही कामं थोड्या वेळाची आहेत आणि पुढे सविस्तर लिहितोच. पण त्याआधी पॉप की आयमॅप (सर्व्हरवरचा मेल बघायच्या या दोन पद्धती) हा प्रश्न सोडवा, कारण तो नुसता सेटिंगचा प्रश्न नाही. तुमच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), कोटेशनं, ड्रॉइंग, बिलं यांची मूळ प्रत कुठे राहणार, हे त्यात ठरतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या युनिटांची मेलची कामं मी वर्षानुवर्षं करतोय. मेल 'सुरू होत नाही' म्हणून कुणाचं कायमचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. नुकसान होतं ते मेल सुरू झाल्यानंतर, जुना पत्रव्यवहार कुठे आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे.

आज थंडरबर्ड बंद करा आणि ब्राउझरमध्ये होस्टिंगवाल्याचं वेबमेल उघडा. कंपनीच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जुना मेल कोणत्या तारखेचा आहे ते बघा. हे पहिलं काम, आणि ते झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

कारण असं. जीमेलमध्ये बाहेरच्या खात्यातला मेल पॉपने ओढून आणायची सोय होती, ती गूगलने २०२६मध्ये मागे घ्यायला घेतली. तुमचा मेल थांबला तो त्यामुळेच असावा. पण ती सोय लावताना 'आणलेल्या मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा' असा एक चौकोन असायचा आणि तो आपणहून टिक केलेला नसायचा. ज्याने लावून दिलं त्याने तो टिक केला नसेल, तर जीमेलने प्रत्येक मेल उचलल्यावर होस्टिंगच्या सर्व्हरवरून तो काढून टाकलेला असणार. म्हणजे वेबमेलमध्ये जर फक्त अलीकडचेच मेल दिसले, तर कंपनीचा सगळा जुना पत्रव्यवहार आज एकट्या जीमेलमध्ये आहे. आधी ओढून आणलेला मेल जीमेलमध्ये आहे तसाच राहतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण तोवर 'जीमेल भरलंय, साफ करू' म्हणून कुणी त्यात हात घालू नये. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटलेली असते. ती भरली की घरातलं कुणीतरी मोठ्या अटॅचमेंटवाले जुने मेल शोधून उडवतं, आणि त्यातच तुमची ड्रॉइंग असतात.

आता पॉप आणि आयमॅप. पॉपमध्ये थंडरबर्ड मेल उतरवून पीसीवर ठेवतं आणि मूळ प्रत तिथे राहते. आयमॅपमध्ये मूळ प्रत सर्व्हरवर राहते. पीसी, मोबाइल, वेबमेल ही सगळी त्याच एका पेटीकडे बघत असतात. पॉप लावताना 'मेल सर्व्हरवर राहू द्या' हा पर्याय असतो हे खरं, पण त्याच्याखालची ओळ कुणी वाचत नाही. थंडरबर्डमध्ये तिथे आपणहून 'जास्तीत जास्त १४ दिवस' लिहिलेलं असतं. जुन्या आउटलुकमध्येही साधारण हाच आकडा असतो. त्यामुळे पहिले दोन आठवडे सगळं छान दिसतं, लावून देणारा पैसे घेऊन जातो, आणि पंधराव्या दिवसापासून सर्व्हरवरचे मेल गळायला लागतात. साइटवर असलेला माणूस मोबाइलमध्ये मागच्या महिन्याची पीओ शोधतो आणि त्याला ती मिळत नाही. ती ऑफिसच्या पीसीवर असते, आणि ऑफिसला सुट्टी असते.

तुमचं ऑफिस तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे असं तुम्ही लिहिलंय. वागळे काय, रबाळे-महापे काय, जोराच्या पावसात कोणत्या गल्लीत पाणी भरतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूमध्ये कंपनीच्या पत्रव्यवहाराची एकुलती एक प्रत असणं मला मान्य नाही. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. आज बहुतेक बिलं आणि चलनं मेलनेच येतात, तेव्हा मेलबॉक्स हा त्या कागदपत्रांचाच भाग आहे.

म्हणून दोन्ही खाती आयमॅपने जोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉप मी अगदी मोजक्या ठिकाणी लावतो: होस्टिंगची पेटी फारच लहान आहे, पीसी एकच आहे, मोबाइलवर मेल बघायचाच नाही आणि रोजचा बॅकअप खरोखर होतोय, अशा ठिकाणी. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

'आयमॅपने सर्व्हर भरतो' हे मात्र खोटं नाही. होस्टिंगच्या स्वस्त प्लॅनमध्ये एका पेटीला जागा कमी असते, आणि मेलमध्ये गेलेली फाइल मूळ आकारापेक्षा साधारण एक तृतीयांशाने फुगते. ९ एमबीचं ड्रॉइंग पेटीत जवळपास १२ एमबी खातं. पेटी भरली की बाहेरून येणारा मेल परत जातो, आणि त्याची खबर पाठवणाऱ्याला लागते, तुम्हाला नाही. त्यावर माझा इलाज असा: दरवर्षी एप्रिलमध्ये, मार्च एंडची धावपळ संपली की, दोन वर्षांपूर्वीचे मेल थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये वर्षवार फोल्डर करून हलवायचे. लोकल फोल्डर्स फक्त त्या पीसीवर असतात, म्हणून हलवल्यावर त्याच दिवशी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायची. आणि शक्य असेल तर होस्टिंगवाल्याकडून थोडी जागा वाढवून घ्या. त्यासाठी वर्षाला जे पैसे लागतात ते सार्थकी लागतात.

एक गोष्ट आयमॅपबद्दलही लक्षात ठेवा. तो बॅकअप नाही. मोबाइलवर कुणी मेल डिलीट केला की तो ऑफिसच्या पीसीवरूनही जातो. पोराच्या हातात फोन गेला आणि इनबॉक्स रिकामा झाला, अशी कामं माझ्याकडे येत असतात.

आता जीमेलच्या पासवर्डकडे वळू. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२पासून साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं. तेव्हापासून थंडरबर्डने तुमचा खरा पासवर्ड जसाच्या तसा पाठवला तरी उत्तर 'चुकीचा' असंच येतं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल या खात्यांचंही १६ सप्टेंबर २०२४पासून तसंच झालं. याचा उपाय म्हणजे ओऑथ २. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जीमेलच्या सर्व्हर सेटिंग्जवर जा आणि 'ऑथेंटिकेशन मेथड' मध्ये 'ओऑथ २' निवडा. मग थंडरबर्ड गूगलची एक खिडकी उघडतं, तिथे तुम्ही ब्राउझरमध्ये करता तसंच लॉगिन करायचं, मोबाइलवर आलेल्या सूचनेला हो म्हणायचं आणि परवानगी द्यायची. पासवर्ड गूगललाच दिला जातो आणि थंडरबर्डकडे फक्त परवान्याचा कोड राहतो. अशीच निवड खाली 'आउटगोइंग सर्व्हर' मध्ये जीमेलच्या एसएमटीपीसाठी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरसाठी, पुन्हा करावी लागते. लोक ती वरच्या बाजूला करतात आणि खालची विसरतात.

गूगलची खिडकी उघडून पुन्हा पुन्हा तिथेच फिरत राहिली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. त्या चालू असाव्या लागतात. जुन्या मार्गदर्शनात 'जीमेलमध्ये जाऊन आधी आयमॅप सुरू करा' अशी पायरी असते. वैयक्तिक जीमेलमध्ये तो पर्याय २०२५च्या जानेवारीपासून राहिलेला नाही, आयमॅप कायम सुरूच असतो. तो सापडत नाही म्हणून अडून बसू नका.

अॅप पासवर्डचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो १६ अक्षरांचा असतो, खात्यावर दुहेरी पडताळणी चालू असेल तरच बनवता येतो, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की रद्द होतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमला किंवा स्कॅन करून मेल पाठवणाऱ्या प्रिंटरला ओऑथ कळत नाही, त्यांच्यासाठी तो ठीक आहे. थंडरबर्डला त्याची गरज नाही. सगळ्या मेलबॉक्सची किल्ली चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली जाते, हा त्यातला खरा धोका आहे.

जीमेल जोडल्यावर लगेच सगळा मेल उतरवायला लावू नका. आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबीपर्यंत उतरवायची मर्यादा गूगलने घातलेली आहे. ती ओलांडली की खातं काही काळ अडवलं जातं, आणि लोकांना वाटतं पुन्हा पासवर्डच बिघडला. 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' मध्ये जाऊन सुरुवातीला फक्त अलीकडच्या ९० दिवसांचे मेल पीसीवर उतरवा. बाकीचे सर्व्हरवर असतातच, उघडले की दिसतात. शिवाय जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एकच मेल इनबॉक्समध्ये, एखाद्या लेबलाखाली आणि 'ऑल मेल' मध्ये असा तीन ठिकाणी दिसू शकतो आणि थंडरबर्डला ती तिन्ही ठिकाणं सांभाळावी लागतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये लेबलांच्या पानावर 'ऑल मेल' समोरचं 'आयमॅपमध्ये दाखवा' काढून टाका, भार बराच कमी होतो.

कंपनीच्या खात्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे साधा पासवर्डच चालतो, पण कनेक्शन सुरक्षित असलं पाहिजे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये त्या मेल खात्यासमोर 'कनेक्ट डिव्हायसेस' किंवा तशाच नावाचं बटण असतं. तिथे दोन रकाने दिसतात, एक सुरक्षित आणि दुसरा असुरक्षित. पहिला घ्यायचा. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, आणि एसएसएल/टीएलएस किंवा स्टार्टटीएलएस या कनेक्शन सुरक्षित करायच्या पद्धती. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्यासाठी पोर्ट ४६५ आणि एसएसएल/टीएलएस, किंवा पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस. या जोड्या फोडायच्या नाहीत. ४६५ बरोबर स्टार्टटीएलएस लावलं की थंडरबर्ड नुसतं थांबून राहतं, धड चूकही दाखवत नाही. पोर्ट २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या वाहतुकीसाठी आहे, आणि स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या तो ग्राहकांसाठी बंद ठेवतात. तुमच्या आउटगोइंगमध्ये २५ लिहिलेलं असेल तर मेल न जाण्याचं कारण तिथेच सापडलं.

युझरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता टाकायचा, 'अॅट'च्या आधीचा नुसता भाग नाही. येणाऱ्या बाजूला हे बरोबर असतं म्हणूनच मेल येतो. जाणाऱ्या बाजूला युझरनेम रिकामं राहतं किंवा ऑथेंटिकेशन 'नो ऑथेंटिकेशन' वर राहतं. ते 'नॉर्मल पासवर्ड' करा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय यावरच आहे.

दुसरा संशय आउटगोइंग सर्व्हरच्या निवडीवर. थंडरबर्डमध्ये येणाऱ्या मेलचे सर्व्हर आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगवेगळ्या यादीत असतात, आणि प्रत्येक खात्याच्या पहिल्या पानावर सगळ्यात खाली एक ड्रॉपडाउन असतो: या खात्याचा मेल कोणत्या सर्व्हरने जाणार. दोन खाती जोडताना कंपनीच्या खात्याला तिथे जीमेलचा सर्व्हर लागून बसतो. अशा वेळी काय होतं? जीमेल तो मेल पुढे पाठवतं, पण कंपनीचा पत्ता तुमच्या जीमेलमध्ये पर्यायी पत्ता म्हणून नोंदलेला नसेल तर 'फ्रॉम' मध्ये तुमचा जीमेलचा पत्ता लिहितं. ग्राहकाला कोटेशन कंपनीच्या नावाने जायला हवं, ते घरच्या पत्त्यावरून जातं. त्याचं उत्तरही तिकडेच येतं.

उलट एखाद्या सर्व्हरने पत्ता न बदलता मेल तसाच पाठवला, तर दुसरी अडचण. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, एसपीएफ नावाची नोंद असते. आमच्या नावाचा मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो, हे ती जगाला सांगते. डीकेआयएम ही मेलवरची सही असते, आणि या दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते डीएमएआरसी सांगतं. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. भलत्या सर्व्हरवरून निघालेलं तुमचं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जातं, आणि ग्राहक म्हणतो "तुमच्याकडून काही आलंच नाही." म्हणून नियम साधा ठेवा: कंपनीचा मेल कंपनीच्या सर्व्हरवरून, जीमेलचा जीमेलवरून. सगळं जोडून झालं की कंपनीच्या खात्यातून स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, तो ब्राउझरमध्ये उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' बघा. तिथे एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी यांच्यासमोर 'पास' असावं. नसेल तर त्या पानाचा फोटो होस्टिंगवाल्याला पाठवा आणि नोंदी दुरुस्त करून मागा. तो दुरुस्तीचा भाग त्याचा आहे, तुमचा नाही.

जोडताना प्रमाणपत्राची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) पिवळी खिडकी आली आणि 'एक्सेप्शन' मान्य करायला सांगू लागली, तर हो म्हणू नका. बहुतेक वेळा कारण निरुपद्रवी असतं. तुम्ही सर्व्हरच्या जागी 'मेल डॉट' लावून तुमचं डोमेन लिहिलेलं असतं आणि प्रमाणपत्र होस्टिंगच्या मोठ्या सर्व्हरच्या नावाने असतं. पॅनेलमध्ये दिलेलं सर्व्हरचं पूर्ण नाव टाकलं की खिडकी येत नाही. पण एकदा डोळे मिटून हो म्हणायची सवय लागली की उद्या खरोखर कुणी मधे बसलं असेल तेव्हाही हो म्हटलं जातं. पीसीवरचं अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी स्वतःच मधे बसतं, त्यामुळेही ही खिडकी येते. तसं असेल तर त्यातलं मेल तपासणीचं कलम तात्पुरतं बंद करून बघा, अख्खं अँटिव्हायरस नको.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण त्याने माणसं फार हैराण होतात. चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड गेला की होस्टिंगचा सर्व्हर तुमच्या ऑफिसचा इंटरनेट पत्ताच अडवतो. मग येणारा मेलही बंद होतो, वेबमेलही उघडत नाही, कधी कंपनीची वेबसाइटसुद्धा त्या ऑफिसातून दिसत नाही. बाहेर मात्र सगळं सुरू असतं. ओळखायची पद्धत सोपी आहे: मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून पीसी त्यावर जोडा. तिथे मेल चालला तर सेटिंग बरोबर आहे आणि अडवणूक ऑफिसच्या ब्रॉडबँडच्या पत्त्यावर आहे. होस्टिंगवाल्याला तो पत्ता मोकळा करायला सांगा. त्याआधी ऑफिसातल्या ज्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहिलाय तो शोधा. तो खिशातल्या खिशात दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत असतो आणि मोकळा केलेला पत्ता पुन्हा अडकतो.

खातं चालू झाल्यावर सेंट फोल्डर तपासा. मोबाइल पाठवलेला मेल 'सेंट' मध्ये ठेवतो, थंडरबर्ड कधी स्वतःचं 'सेंट आयटम्स' बनवतं, आणि मग कोटेशन कुणी कधी पाठवलं याचा पत्ता लागत नाही. 'कॉपीज अँड फोल्डर्स' मध्ये सर्व्हरवरचं जे फोल्डर मोबाइल वापरतो तेच निवडा. जीमेलच्या बाबतीत उलट करायचं. जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतं, म्हणून थंडरबर्डमधलं 'प्रत ठेवा' काढून टाका, नाहीतर प्रत्येक मेल दोनदा दिसतो.

आता जुना पत्रव्यवहार घरी आणायचं काम. वेबमेलमध्ये जुने मेल नसतील, तर जीमेलमध्ये कंपनीच्या पत्त्यावर आलेले मेल शोधा, त्यांना एक लेबल लावा. थंडरबर्डमध्ये ते लेबल फोल्डर म्हणून दिसेल. तिथून कंपनीच्या खात्यात किंवा लोकल फोल्डर्समध्ये न्यायचे, पण 'मूव्ह' नाही, 'कॉपी'. इंटरनेट मधेच तुटलं तर मूव्हमध्ये अर्धे मेल कुठे आहेत ते शोधत बसावं लागतं. एकेका वर्षाचे मेल घ्या, दोन्हीकडची संख्या जुळवा, दोन-चार अटॅचमेंट उघडून बघा आणि मगच पुढचं वर्ष. तुमच्याकडे शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी एक वर्ष लावून जा. घाई करू नका, आणि जीमेलमधून काहीही उडवू नका, निदान पहिलं वर्षभर तरी.

बॅकअपसाठी थंडरबर्ड पूर्ण बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर (पीसीवरचे मेल आणि सेटिंग्ज त्यातच असतात) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. ते कुठे आहे हे मदतीच्या मेन्यूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' पानावर 'ओपन फोल्डर' दाबलं की कळतं. डिस्क गाळ्यात नाही, घरी ठेवायची. काही जण हुशारी म्हणून ते प्रोफाइलच वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवतात. थंडरबर्ड चालू असताना त्या फाइल्स सतत बदलतात आणि वर चढवणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल उचलतो. फोल्डर बिघडण्याचं हे हमखास कारण, तेवढं टाळा.

"आउटलुकच का नको?" असं तुमच्या सीएंनी विचारल्याचं लिहिलंय. आउटलुक उत्तम आहे, पण कोणतं ते बघा. विंडोजबरोबर आता जे नवं फुकट आउटलुक येतं, त्यात बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की तुमच्या मेलची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते. जुनं क्लासिक आउटलुक थंडरबर्डसारखं थेट तुमच्या सर्व्हरशी बोलतं. काहींना त्या प्रतीचं काही वाटत नाही, आणि ते ठीकच आहे. पण तुमच्या ग्राहकांनी ड्रॉइंगच्या गोपनीयतेचे करार करून घेतले असतील, तर ती परवानगी देण्याआधी करार वाचा. तुमच्या कामाला थंडरबर्ड पुरतं.

पासवर्डचं एक राहिलं. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड त्या पीसीवर बसणारा कुणीही सेटिंग्जमधून उघडे करून वाचू शकतो. 'प्रायमरी पासवर्ड' लावा, रोज सकाळी एकदा टाकावा लागतो एवढंच. आणि खाती जोडताना दोन्ही वेबमेलमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर ही पानं उघडून बघा. मेलबॉक्समध्ये घुसलेला माणूस आधी तिथे एक नियम लावतो, 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' शब्द असलेला मेल बाहेर पाठवायचा. मग योग्य वेळी तुमच्या ग्राहकाला तुमच्याच नावाने 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल जातो. अनोळखी नियम दिसला तर तो काढा, पासवर्ड बदला, ग्राहकांना फोन करून सांगा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते.

एवढं करूनही कंपनीचा मेल गेला नाही, तर पुढच्या वेळी मला तीन गोष्टी पाठवा: थंडरबर्डने दाखवलेली चूक जशीच्या तशी, आउटगोइंग सर्व्हरच्या पानाचा फोटो, आणि हॉटस्पॉटवर काय झालं ते. पासवर्ड पाठवू नका, मला तो लागत नाही. आणि वेबमेलमधल्या सगळ्यात जुन्या मेलची तारीख मात्र आजच कळवा.